झाकण उघडण्याआधी

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठाला, पुण्याच्या पूर्वेला साधारण ८० किलोमीटरवर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांची नावं या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे थराथराने उलगडली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली सापडली. दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून ती आडवी ठेवलेली आणि आत मूल, अशी ती रीत. ही रीत आपल्याला कळली, कारण मडकी जागच्या जागी असतानाच त्यांची मापं घेतली, चित्रं काढली, फोटो काढले. आधीच उचलून स्वच्छ धुतली असती, तर संग्रहालयात आणखी दोन मडकी जमा झाली असती, एवढंच.

जुनं मनगटी घड्याळ हाती आल्यावर हीच शिस्त पाळावी लागते. ते का बंद पडलं, कुणी कधी उघडलं, कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बसवलेला, याचे पुरावे घड्याळातच असतात. स्क्रू फिरवला, पेट्रोलचा हात मारला, डायल पुसली की त्यातले निम्मे पुरावे गेले. म्हणून या प्रकरणात तपासणीला जास्त जागा दिली आहे. सर्व्हिसिंग त्यानंतर, आणि तेही लागेल तेवढंच.

कपाटातलं घड्याळ

इनामगाव, न्हावरे, मांडवगण फराटा किंवा शेजारच्या दौंड तालुक्यात एखाद्या घरच्या कपाटात आजोबांचं घड्याळ निघालं, तर ते एचएमटीचं असण्याची शक्यता फार मोठी. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली स्थापन झाली आणि जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला तिचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्याआधी मनगटावर घड्याळ म्हणजे बहुतेक स्विस. फाव्र ल्यूबा ही स्विस पेढी १८६५ पासून मुंबईत होती, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीचं ‘सोवार’ फौजेतल्या माणसांमध्ये नावाजलेलं होतं. एचएमटीने घड्याळ शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, दौंड जंक्शनवरच्या रेल्वे कामगाराच्या आवाक्यात आणलं. लग्नात नवऱ्यामुलाला एचएमटी देणं ही रीतच पडली.

जनता, पायलट, सोना, जवान, कोहिनूर अशी कितीतरी मॉडेल निघाली. त्यांतलं ‘जनता’ हे सगळ्यांच्या ओळखीचं. साधी गोल केस, हाताने चावी द्यायची, १७ ज्वेल म्हणजे आतली माणकं. काही डायलवर नाव आणि आकडे देवनागरीत असत. आतलं मशीन सिटिझनच्या आराखड्यावर बेतलेलं, धडधाकट आणि दुरुस्तीला सोपं. १९८७ मध्ये टायटन बाजारात आली, क्वार्ट्झचा जमाना आला आणि चावीच्या घड्याळांची मागणी ओसरली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आज सुटा भाग हवा असेल तर तो उरलेल्या जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या बंद घड्याळातून काढावा लागतो. कारखाना संपला असल्याने मूळचा प्रत्येक भाग जपणं जास्त महत्त्वाचं झालं आहे.

बाहेरून काय दिसतं

घड्याळ सापडलं की बहुतेकांचा पहिला हात चावीकडे जातो. तो आवरायचा. वीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या घड्याळातलं तेल सुकून चिकट झालेलं असतं किंवा पार उडून गेलेलं असतं. चावी दिली आणि ते चाललं, तर आनंद होतो खरा, पण कोरड्या आसांवर चाक फिरत राहतं आणि झीज सुरू होते. ‘चालतंय ना, मग कशाला उघडायचं’ या समजुतीने जेवढी घड्याळं झिजली, तेवढी बंद पडून झिजली नसतील.

आधी उजेडात, भिंग घेऊन पाहायचं. पट्टा अडकवायच्या कानांच्या आतल्या बाजूला आणि मागच्या झाकणाच्या कडेला हिरवट-काळा मळ साचलेला असतो. तो घामाचा, कातडीचा आणि धुळीचा. जुन्या घड्याळांच्या केस पुष्कळदा पितळी असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. फक्त मागचं झाकण स्टीलचं. रानात काम करणाऱ्या माणसाच्या मनगटावर घामाने हा मुलामा आधी कानांपाशी आणि चावीच्या बाजूला उडतो, पितळ उघडं पडतं आणि खड्डे पडतात. असे खड्डे खोल असतील, तर झाकणाच्या कडेने ओल आत गेल्याची शंका घ्यायची.

काच आतून धुकटली आहे का, डायलच्या कडेला तपकिरी डाग आहेत का, चावीच्या बुंध्याशी गंज आहे का, हे पुढचं. पाणी बहुतेक वेळा चावीच्या वाटेनेच शिरतं, आणि पहिला गंज चावीच्या दांड्यावर चढतो. पावसाळ्यात भिजलेलं घड्याळ ‘वाळवून’ ठेवून दिलं असेल, तर वर्षानुवर्षांनी ते इथे ओळखू येतं.

काचेवर ओरखडे असतील तर जीव हळहळायचं कारण नाही. या घड्याळांची काच सहसा ॲक्रिलिकची असते. ओरखडे वरवरचे असतील तर मऊ फडक्यावर थोडी टूथपेस्ट किंवा प्लास्टिकचं पॉलिश घेऊन ते निघतात. तडा गेला असेल तर मात्र काच बदलायचीच, कारण तड्यातून ओल आत जाते.

डायल वाचणं

जुन्या घड्याळाची किंमत आणि खरेपणा जास्तीत जास्त डायलवर ठरतो, आणि सगळ्यात जास्त लबाडीही तिथेच होते. मुंबईत जुन्या डायल पुसून नव्याने रंगवण्याचा धंदा मोठा आहे. गडद निळ्या, लाल, हिरव्या रंगात चकचकीत केलेली जुनी एचएमटी आणि स्विस घड्याळं देशभर विकली जातात. जगभरच्या हौशी मंडळींनी अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असं नावच देऊन टाकलं आहे. आतलं मशीन खरं असतं. डायल, काटे, कधी केसही भलतीच.

भिंगाखाली रंगवलेली डायल बहुधा स्वतःच बोलते. कंपनीच्या छपाईत अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात. रंगवलेल्या डायलवर त्या पसरट आणि जाडसर दिसतात. मिनिटांच्या खुणा काठाशी सरळ रेषेत येत नाहीत, काही आकड्यांच्या मधोमध नसतात. काट्यांच्या भोकाभोवती किंवा कडेला रंग ओघळलेला असतो. मुळात पट्टी नव्हती तिथे ती नव्याने काढलेली असते. केसवर इतके ओरखडे, पट्ट्याच्या कानांवर इतका मळ, आणि डायल मात्र कालच छापलेली, हे गणितच जुळत नाही. याउलट पिवळसर पडलेली, कडेला ठिपके आलेली डायल मूळची असेल तर ती तशीच ठेवावी. डायल पुसायला पाणी, स्पिरिट, पेट्रोल काहीही लावायचं नाही. छपाई अशा पुसण्याने क्षणात उडते आणि परत आणता येत नाही.

आकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असेल, तर एक धोका माहीत असायला हवा. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक विदेशी घड्याळांत हा रंग रेडियमचा असे. चमक कधीच संपलेली असते, कारण रेडियमसोबतचं चमकणारं द्रव्य बिघडतं. पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं, म्हणजे किरणोत्सार आहे तसाच आहे. असा रंग खरवडायचा नाही, त्याची पूड उडू द्यायची नाही, नखाने तर मुळीच नाही. घड्याळ उघडलेलं नसताना काच बरीच सुरक्षितता देते. उघडून रंग खरवडणं हेच धोक्याचं. नंतरच्या काळात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. त्याचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या आसपास, त्यामुळे तो रंग आता जवळपास थंडावला आहे.

कानाला आणि बोटाला काय कळतं

डायल पाहून झाल्यावर चावी हळूहळू दोन-चार फेरे देऊन पाहायला हरकत नाही. बोटाला काय जाणवतं ते महत्त्वाचं. फेऱ्याला क्लिकचा नेमका आवाज येतो की चावी घसरते? दाब वाढत जातो की चावी कितीही फिरवली तरी ओढच लागत नाही? ओढ लागत नसेल तर चावीने गुंडाळली जाणारी मेनस्प्रिंग तुटलेली असते किंवा तिचं टोक तिच्या डबीच्या, म्हणजे बॅरलच्या, भिंतीवरून घसरतं. चावी पहिल्यापासूनच घट्ट आणि घड्याळ बंद, तर लोक म्हणतात ‘चावी जास्त दिली म्हणून अडकलं’. पूर्ण चावी दिल्याने घड्याळ बंद पडत नाही. पूर्ण चावी असूनही ते चालत नाही, याचा अर्थ ताकद पुढे पोचतच नाही: तेल चिकट झालंय, मळ अडकलाय, किंवा कुठलं तरी चाक अडलंय.

चालतं असेल तर कान लावायचा. जनतासारखी घड्याळं तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. टिकटिक एकसारखी हवी. टिक-टॅक, टिक-टॅक अशी लंगडी चाल ऐकू येत असेल तर बॅलन्सचा, म्हणजे जात-येत राहून काळ मोजणाऱ्या चाकाचा, मध्य सरकलेला आहे. डायल वर, डायल खाली, चावी वर, चावी खाली अशा निरनिराळ्या स्थितींत पाच-पाच मिनिटं ठेवून पाहायचं. एका स्थितीत चालतं आणि दुसऱ्या स्थितीत थांबतं, तर दोष पुष्कळदा बॅलन्सच्या आसाच्या एका टोकाला किंवा त्याच्या ज्वेलमध्ये सापडतो.

आणखी एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सेकंद काटा नेटका फिरतोय, टिकटिक ठीक आहे, पण तासाभरात मिनिट काटा दहा-पंधरा मिनिटं मागे. मालक म्हणतो मशीन खराब झालं. मशीन ठीक असतं. मिनिट काट्याखालची कॅनन पिनियन ही नळी आसावर घट्ट बसलेली असते. वेळ लावताना ती घसरावी आणि एरवी आसाबरोबर फिरावी अशी तिची रचना. ती सैल पडली की आस फिरतो आणि नळी मागे राहते. काम छोटं, पण निदान चुकलं तर सगळं मशीन विनाकारण सोडवलं जातं.

झाकणाच्या आत

मागचं झाकण उघडताना हत्यार योग्य हवं. दाबून बसवलेलं झाकण चाकूने उघडता येतं, पण चाकू घसरला की केसवर कायमचा ओरखडा. आट्यांचं झाकण असेल तर त्याच्या खाचांत नेमका बसणारा पान्हाच वापरायचा. उघडल्या-उघडल्या झाकणाची आतली बाजू पाहायची. जुने घड्याळजी दुरुस्ती झाली की तिथे अणकुचीदार सुईने बारीक खूण कोरत: तारीख, नंबर, आपली एखादी निशाणी. कधी एकाच झाकणावर दोन-तीन वेगवेगळ्या हातांच्या खुणा असतात. घड्याळ किती वेळा दुरुस्तीला गेलं आणि शेवटचं केव्हा, याचा अंदाज तिथून लागतो. आज काम करतानाही ही खूण पुसायची नाही.

मशीन दिसलं की फोटो काढायचे, सगळ्या बाजूंनी. मग भिंगाखाली स्क्रूंची डोकी पाहायची. खाचा फाटलेल्या असतील तर आधीचं काम चुकीच्या मापाच्या पेचकसाने झालंय. एखादा स्क्रू वेगळ्याच रंगाचा असेल तर तो दुसऱ्या घड्याळातला. बॅलन्सच्या बारीक वेटोळ्यावर, म्हणजे हेअरस्प्रिंगवर, तेलाचा चकाकता पट्टा दिसला तर वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळतं. चुंबकत्व आलं तरीही तेच. मोबाईल आणि स्पीकर या दोघांच्या आत चुंबक असतात, त्यामुळे हे आता फार सरसकट घडतं. साधं होकायंत्र घड्याळाजवळ नेलं आणि सुई ठोक्याबरोबर थरथरली, तर चुंबकत्व काढणाऱ्या डिमॅग्नेटायझरवरून एकदा फिरवलं की पुष्कळदा ‘बिघाड’ तिथल्या तिथे संपतो. मशीन न सोडवता सुटणाऱ्या थोड्या तक्रारींपैकी ही एक.

आत चाललंय काय

सर्व्हिसिंग समजून घ्यायचं तर ताकद कुठून कुठे जाते ते थोडक्यात पाहू. बॅरलमध्ये गुंडाळलेली मेनस्प्रिंग उलगडायला बघते आणि बॅरल फिरवते. तिथून चाकांची साखळी वेग वाढवत शेवटच्या एस्केप व्हीलपर्यंत जाते. एस्केप व्हीलला सहसा १५ दात असतात. पॅलेट हा दोन फाट्यांचा भाग त्या दातांना आळीपाळीने अडवतो आणि सोडतो. एका दातामागे दोन ठोके, म्हणजे एका फेऱ्यात ३०. तासाला १८,००० ठोक्यांसाठी एस्केप व्हीलला तासाला ६०० म्हणजे मिनिटाला दहा फेरे घ्यावे लागतात, आणि सेकंदाच्या चाकाला एक. पॅलेट प्रत्येक वेळी बॅलन्सला एक हलकासा धक्का देतो, बॅलन्स हेअरस्प्रिंगच्या ओढीने जातो-येतो, आणि काळ मोजला जातो. बॅलन्सला अशी सर्पिल स्प्रिंग जोडण्याचं श्रेय १६७५ सालच्या क्रिस्तियान हॉयगन्सला दिलं जातं; पॅलेटची ही पद्धत अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या थॉमस मजची.

एका दिवसाला हे ४ लाख ३२ हजार ठोके झाले, वर्षाला पंधरा कोटींवर. हा सगळा भार ज्यांवर फिरतो ती आसांची टोकं बॅलन्सच्या बाबतीत एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाडीची असतात. म्हणून ती माणकाच्या भोकात बसवतात. ही माणकं कृत्रिम. व्हर्नॉई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ज्वेल स्वस्त झाले. सतरा ज्वेलची सर्वसाधारण वाटणी अशी: बॅलन्सला चार, पॅलेटचा धक्का झेलणारा एक, पॅलेटच्या टोकांना दोन, आणि पॅलेटचा आस व चार चाकं यांच्या दोन्ही टोकांना मिळून दहा. एचएमटीच्या डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं. घड्याळ पडलं तर बॅलन्सच्या नाजूक टोकांना धक्का बसू नये म्हणून तिथले ज्वेल स्प्रिंगवर बसवलेले असतात, त्या रचनेचं हे सिटिझनने दिलेलं नाव. १९५६ मध्ये सिटिझनने अशी घड्याळं हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवली होती.

सर्व्हिसिंगचा क्रम

सगळ्यात आधी चावीची ताकद उतरवायची. मागच्या बाजूला क्लिक नावाची बारीक खिटी असते. ती बाजूला धरून चावी बोटांत पकडून हळूहळू मागे सोडायची. हे विसरून पॅलेट काढलं, तर मेनस्प्रिंगची सगळी ताकद एकदम चाकांवर येते, ती भन्नाट फिरतात आणि दात किंवा टोकं तुटतात. नवख्या हातांनी केलेले बहुतेक अपघात या एका विसराळूपणाचे.

मग चावीचा दांडा काढून मशीन केसमधून बाहेर. काटे काढताना डायलवर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवून दोन छोट्या तरफांनी सरळ वर उचलायचे. डायल काढण्यासाठी कडेचे दोन बारीक स्क्रू सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. आता बॅलन्स. त्याला वरून धरणारा पूल उचलला की बॅलन्स हेअरस्प्रिंगला लटकून बाहेर येतो. हा क्षण पाहण्यासारखा असतो: चिमटीच्या टोकाशी एक सोनेरी चाक, केसाइतक्या बारीक वेटोळ्यावर झुलणारं. झटका दिला की वेटोळं ताणलं गेलं. पुन्हा गोल करायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. म्हणून पूल सरळ वर, मग पूल उलटा करून बॅलन्स त्याच्यावर टेकवायचा.

पुलावरचे स्क्रू सोडवताना एक पथ्य. चावीच्या वरच्या चाकाचा स्क्रू अनेक मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीच्या दिशेने फिरवायचा प्रयत्न केला की डोकं तुटतं. काही कंपन्या त्यावर तीन खाचा कोरून सावध करतात.

धुण्याची जुनी पद्धत पेट्रोलची. ती स्वस्त आणि सोपी. पण पेट्रोल पेट घेतं आणि सुकल्यावर मागे थर सोडतं. चांगले कारागीर घड्याळांसाठीचं द्रावण आणि अल्ट्रासोनिक मशीन वापरतात. ज्वेलच्या भोकात लाकडी काडीचं टोक फिरवून मळ काढावा लागतो. नुसत्या बुडवण्याने तो सुटत नाही. पॅलेटची गोष्ट निराळी. त्याच्या दोन्ही टोकांचे दगड पुष्कळदा लाखेने चिकटवलेले असतात, तीच लाख जी आपल्याकडे झाडांवरच्या किड्यांपासून मिळते आणि लाखेच्या बांगड्यांना वापरतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॅलेट स्पिरिटमध्ये जास्त वेळ राहिलं तर दगड सैल होतात आणि घड्याळ ठोकाच देत नाही. म्हणून ते वेगळं, योग्य द्रावणात आणि थोडाच वेळ.

तेल हा सर्व्हिसिंगचा गाभा, आणि तेल देण्याइतकंच तेल न देणंही. मेनस्प्रिंगला आणि चावीच्या यंत्रणेला जाड ग्रीस; हळू फिरणाऱ्या चाकांना जाडसर तेल; वेगाने फिरणाऱ्या चाकांना आणि बॅलन्सला पातळ तेल. मोबियस या स्विस कंपनीचं ९०१० हे असंच पातळ तेल. पॅलेटच्या दगडांना खास तेल, पॅलेटच्या आसाला मात्र अजिबात नाही. तिथे तेल पडलं की ठोक्याचा जोर खचतो. हेअरस्प्रिंग कोरडी. ज्वेलच्या वाटीत तेलाचा थेंब ज्वेलच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. वाटी भरली की तेल पसरतं आणि वाहून जातं. ‘भरपूर तेल दिलंय, आता वर्षानुवर्षं काळजी नाही’ असं कुणी म्हणत असेल, तर घड्याळ परत घ्यावं.

वेळेला लावणं

जुळणी झाल्यावर घड्याळ टाइमग्राफर या यंत्रावर ठेवतात. ते माइकने ठोके ऐकतं आणि पडद्यावर दोन रेषा काढतं. रेषा वर चढल्या तर घड्याळ पुढे, खाली गेल्या तर मागे. दोन रेषांमधलं अंतर लंगडी चाल दाखवतं. तिसरा आकडा सगळ्यात बोलका: बॅलन्स मध्यापासून किती अंश फिरतो. आडव्या स्थितीत, पूर्ण चावीवर २५० ते ३०० अंश असेल तर जुन्या घड्याळाची प्रकृती उत्तम. सर्व्हिसिंगनंतरही २०० च्या खाली असेल, तर कुठे तरी घर्षण राहिलंय किंवा मेनस्प्रिंग थकली आहे. कारागिराने नुसतं नियामक सरकवून वेळ जुळवून दिली असेल, तर हा आकडा लगेच सांगतो.

नियामक म्हणजे बॅलन्सच्या पुलावरचा छोटा दांडा. त्यावर अधिक-उणे, किंवा एफ आणि एस अशी अक्षरं असतात. केसभर सरकवला तरी दिवसाच्या चालीत मोठा फरक पडतो. दिवसाला ८६,४०० सेकंद. त्यात ३० सेकंदांची चूक म्हणजे २,८८० मध्ये एक. पन्नास वर्षांच्या चावीच्या घड्याळाकडून यापेक्षा जास्त मागू नये. रोज ठराविक वेळी चावी द्यायची, शक्यतो सकाळी, आणि एखाद्या आठवड्याची चाल टिपायची. पूर्वी लोक आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावून घेत. आता मोबाईलवर लावतात. घड्याळ मोबाईलपासून चार बोटं लांब ठेवून. रात्री घड्याळ डायल वर ठेवलं की चाल एक, चावी वर करून उभं टेकवलं की दुसरी; रोज थोडं पुढे जाणाऱ्या घड्याळाला यातली सोयीची स्थिती सापडली, तर नियामकाला हातही लावावा लागत नाही.

कारागिराकडे देताना

शिरूरच्या, दौंडच्या किंवा पुण्याच्या बाजारात घड्याळ दुरुस्तीला देण्याआधी काही गोष्टी बोलून घ्याव्यात. मशीन पूर्ण सोडवणार की नुसतं तेल टाकणार? काम झाल्यावर टाइमग्राफरचा आकडा दाखवणार का? एखादा भाग बदलला तर जुना परत देणार का? डायलला हात लावायचा नाही, केस पॉलिश करायची नाही, हे आधीच सांगून ठेवावं. पॉलिशने केसच्या कडा गोलसर होतात आणि मुलामा पातळ होतो. दुरुस्तीत सगळ्यात जास्त वस्तू मुळातून नष्ट होतात त्या चकचकीत करण्याच्या हौसेपायी. रोज वापरात असलेल्या घड्याळाचं पाच-सहा वर्षांनी सर्व्हिसिंग करावं. चाल खालावली किंवा ओल गेली तर आधी. कपाटात ठेवायचं घड्याळ मात्र अधूनमधून चावी देऊन ‘फिरतं’ ठेवण्याचा फायदा नाही. जुन्या सुकलेल्या तेलावर ते फिरवणं म्हणजे झीज. सर्व्हिसिंग झाल्यावरच चालवावं.

घड्याळ परत आलं की एका चिठ्ठीवर सगळं लिहून डबीत ठेवावं: कधी घेतलं, कुणाचं होतं, तक्रार काय होती, काय केलं, कोणते भाग बदलले. आणि त्याखाली आणखी दोन-तीन ओळी: डायल मूळची, काटे मूळचे, केस पॉलिश केलेली नाही. बदललेल्या भागांची यादी बहुतेक जण ठेवतात; न बदललेल्यांची कुणी ठेवत नाही. पुढच्या वेळी हे घड्याळ उघडणाऱ्याला या ओळी आधी वाचायला मिळाल्या, तर त्याच्या हातून फार काही चुकणार नाही.